सदनिकेतील अँटेना: डायपोल की लूप?
सोसायटीने गच्चीवर तार बांधू न दिल्यामुळे हौशी रेडिओच्या (हॅम) ७ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठीचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली सरळ तारेची अँटेना) घरातच ताणावा का, असे आपण विचारले आहे. हा डायपोल सुमारे २० मीटर लांब होतो. तो खोल्यांतून वळवत नेला, तरी स्लॅबमधल्या सळ्या आणि एलईडी दिव्यांची खरखर त्याची पाठ सोडत नाहीत. मी १ मीटर व्यासाचे, तांब्याच्या नळीचे मॅग्नेटिक लूप (कड्यासारखी छोटी अँटेना) बाल्कनीच्या दाराशी उभे केले आहे (पाहुण्यांना ते कपडे वाळवण्याचे साधन वाटते). ते किंचित फिरवले, की शेजारच्या चार्जरचा गोंगाट जवळजवळ नाहीसा होतो. मात्र वारंवारता १०-१५ किलोहर्ट्झ सरकताच लूपला त्या वारंवारतेवर आणणारा कपॅसिटर पुन्हा जुळवावा लागतो. प्रक्षेपणाच्या वेळी १० वॅटलाही त्यावर हजारभर व्होल्ट चढू शकतात, म्हणून तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर बसवावा.