वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: २.७ किमीसाठी विमान घ्यावं की होडी?

गुहागरकरीण
मंडळी, सल्ला हवाय. मुलगी एडिनबराला शिकते. मे महिन्यात मी आणि बाबा (वय ७४, गुडघे कुरकुरतात) तिच्याकडे जातोय. तिनं स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांचा बेत आखलाय. तिथलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सगळ्यात कमी अंतराचं नियमित विमान. २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं! बाबा हटून बसलेत की जायचं तर त्याच विमानानं. पण कर्कवॉलहून (ऑर्कनीचं मुख्य शहर) सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल का? मधे होडीही आहे म्हणतात.

वशिष्ठीकाठ
मी गेलोय, ॲबर्डीनला नोकरीला होतो तेव्हा. ताई, त्या दोन मिनिटांवर जाऊ नका. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट लागायला कितीसा वेळ लागतो? पण धक्क्यावर गाडी रांगेत तापत असते, तो वेळ कोण धरतं? तिथेही तसंच. कर्कवॉल ते वेस्ट्रे पंधराएक मिनिटं, मग ती उडी, आणि परतीचं विमान येईपर्यंत तुम्ही बेटावर.

तिकीट काढताना टप्प्यांचा क्रम नीट बघा. काही फेऱ्या कर्कवॉलहून थेट पापा वेस्ट्रेला जातात. ते तिकीट निघालं तर बाबांची उडी हुकलीच. शनिवार-रविवारचं वेळापत्रकही वेगळं असतं.

देवबागचो झील
दोन मिन्टां? आमच्या होडयेचा इंजिन चालू करूक जास्त येळ लागता!

वशिष्ठीकाठ
😄 वारा पाठीशी असला तर त्याहून कमी. विक्रम ५३ सेकंदांचा आहे. आमची उडी सव्वा मिनिटाची झाली. विमान आयलंडर, दोन पंख्यांचं, पायलट सोडून आठ जागा. कोणी कुठे बसायचं ते वजन बघून ठरवतात. मला पायलटच्या शेजारची जागा मिळाली, गुडघे समोरच्या तबकड्यांना टेकत होते. खाली खडीची धावपट्टी, कडेला मेंढ्या.

गुहागरकरीण
बाबांना चढता येईल?

वशिष्ठीकाठ
पायरी उंच आहे, हात देणारा माणूस असतो. होडी वेस्ट्रेवरच्या पिएरोवॉल गावाहून सुटते, पंचवीसेक मिनिटं लागतात. पण तीही लहान, लाटेवर डुलते. जाताना विमान, येताना होडी असंही करता येईल.

हिशेबी
२.७ किमीला दोन मिनिटं म्हणजे ताशी ८१ किमी. घाटाखाली आपली एसटी धावते तेवढंच!

वशिष्ठीकाठ
हिशेबी, त्या दोन मिनिटांत धावपट्टीवरची धावही आली. आणि ताई, धुक्याचं लक्षात ठेवा. आम्ही कर्कवॉलला अख्खी सकाळ चहा पीत बसलो होतो. त्यामुळे त्याच रात्रीचं एडिनबराचं तिकीट काढू नका, एक दिवस हाताशी ठेवा. बेटावर नॅप ऑफ हॉवर बघाच: पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दगडी घरं, समुद्राला लागून. दारं इतकी बुटकी की वाकूनच शिरावं लागतं.

गुहागरकरीण
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "वाकायचं नंतर बघू, आधी पायलटच्या शेजारी बसायला वजन किती लागतं ते विचार."