उकळलेल्या पाण्यातही नायट्रेट राहते

घरच्या झऱ्याचे पाणी नितळ आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच प्यायले जाते, म्हणून तपासणी नको, फार तर उकळून प्यावे, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. उकळून पिण्याचा सल्ला जंतूंपुरता अगदी योग्य आहे. खळखळून उकळी आल्यावर एखादे मिनिट पाणी तसेच उकळत ठेवले की जिवाणू, विषाणू आणि परजीवी मरतात. मात्र शेतातल्या खतांतून किंवा शोषखड्ड्यांतून झिरपणारे नायट्रेट आणि खडकांतून उतरणारे आर्सेनिक उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच.

नायट्रेटला ना रंग, ना वास. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरमागे 50 मिलिग्रॅम ठेवली आहे, ती मुख्यतः वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी, कारण त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यामुळे घटते आणि ओठ व नखे निळसर पडू लागतात. त्याच पाण्याने मोठ्यांना काहीच जाणवत नाही. म्हणूनच ‘आम्हाला कधी काही झाले नाही’ हा पुरावा घरातल्या बाळासाठी कृपया धरू नका. जंतूंची तपासणी मुसळधार पावसानंतरच्या नमुन्यावरही करून घ्यावी, कारण पृष्ठभागावरची घाण विशेषतः तेव्हा झऱ्यात उतरते.