मदत हवी आहे: मॅक्रोफेजचं जाळं नक्की कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. लठ्ठ उंदरांच्या मेदऊतीतल्या दाहावर काम करतेय. २००४ साली न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) स्वतःचा डीएनए बाहेर फेकून जंतू अडकवणारं जाळं विणतात हे दिसलं, पुढे मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) सुद्धा तसं करतात हे कळलं. माझं घोडं अडलंय ते इथेच.

मेलेल्या मेदपेशीभोवती मॅक्रोफेज मुकुटासारखे दाटीने बसलेले दिसतात. त्यांच्यामधून डीएनएचे विस्कटलेले धागे जातात, त्यावर सिट्रुलिनयुक्त हिस्टोन एच३ (डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो ते प्रथिन, बदललेल्या रूपात; अशा जाळ्याची खूण) चमकतो. पण हा डीएनए कोणाचा? मॅक्रोफेज न्यूट्रोफिलांची जाळी गिळतात, शिवाय मेलेल्या मेदपेशीचा डीएनएही तिथेच सांडलेला असतो. एफ४/८० (उंदरांच्या मॅक्रोफेजवरची खूण) जवळ दिसला म्हणजे जाळं त्याचंच, असं म्हणायला मन धजत नाही. मायलोपेरॉक्सिडेज या न्यूट्रोफिलांच्या एन्झाइमवरही विसंबता येत नाही, ते मॅक्रोफेजमध्येही सापडतं.

डीएनए तोडणाऱ्या डीएनेज एन्झाइमचं कंट्रोल लावलंय, धागे विरघळतात. म्हणजे डीएनए आहे हे पक्कं, मालक मात्र कळत नाही. एलवाय६जी प्रतिपिंडाने आधी न्यूट्रोफिल काढून टाकून पाहावं का? की मॅक्रोफेजच्या केंद्रकालाच जनुकीय खूण करणं बरं?

हे जाळं दाह आणि इन्सुलिन-प्रतिरोध (पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं) वाढवतं का, हा खरा प्रश्न. पण त्याआधी ओळख पटायला हवी. कोणी मेदऊतीवर हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.