भाकर न सोडता वजन उतरवताना : खा-खा कशी आवरता?

भात-भाकर कमी करा म्हणणारे ढीगभर आहेत. पण संध्याकाळी पाचला पोटात जी खा-खा सुटते, तिचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. जे मोजूनमापून आहार चालवतात किंवा दुसऱ्यांना आखून देतात, त्यांनी ग्राम-वाटीसकट लिहा. "माझे इतके किलो उतरले" नको, कसं करायचं ते सांगा.

मांजराकाठ, लातूर
भाकरी मोजू नका, पीठ मोजा. आहारतक्त्यातली भाकर ५०-६० ग्राम पिठाची असते. आपल्या घरच्या एका भाकरीत ९०-१०० ग्राम पीठ सहज जातं. ६० ग्राम ज्वारीच्या पिठात साधारण २०० कॅलरी, ४० ग्राम कर्बोदकं आणि जेमतेम ६ ग्राम प्रथिनं. "दोनच भाकरी खाते" म्हणणारीचा हिशोब तिथंच दोन-अडीचशे कॅलरींनी चुकतो. एकदा काट्यावर ६० ग्राम पीठ घ्या, वाटीत ते जिथवर येतं तिथं खूण करा. रोज काटा लागत नाही.

दुसरी गोम वरणाची. पातळ वरणाच्या वाटीत १५ ग्राम डाळही नसते. कच्ची तूरडाळ ३० ग्राम घेऊन घट्ट वरण केलं तर ६-७ ग्राम प्रथिनं मिळतात. जोडीला मटकीची उसळ नाहीतर दोन अंडी, आणि वाटीभर दही. दुपारी प्रथिनं २० ग्रामच्या आसपास गेली की पाचची खा-खा बरीच मवाळ होते. येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी यात धरू नका. झणझणीत असली तरी चमचाभर येसरात प्रथिनं कितीशी असणार?

काठवट, परभणी
वरच्या ताईंच्या ६० ग्रामला एक पुरवणी. लहान भाकर म्हणून जाड चानकी थापली की ताट रिकामं दिसतं आणि मन भरत नाही. तेवढंच पीठ पातळ, तव्याएवढं थापा. ते जमत नाही कारण पीठ विरी गेलेलं, म्हणजे जुनं होऊन चिकटपणा गेलेलं असतं, कडा फाटतात. पिठावर उकळतं आधण ओतून ५ मिनिटं झाका, हाताला सोसवेल इतकं झालं की तळहातानं रगडून मळा. दळण ८-१० दिवसांपुरतंच आणा. भाकर फाटायला लागली की माणूस जाड थापतो, आणि मोजमाप गेलं.

गोदाकाठ, नांदेड
सकाळच्या सुशीलाबद्दल, म्हणजे भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांबद्दल. हलकी म्हणून लोक परातभर खातात. ३० ग्राम चुरमुऱ्यांत सव्वाशेच्या आत कॅलरी, पण प्रथिनं २-३ ग्राम. साडेदहाला भूक लागणारच. चुरमुरे २० ग्रामवर आणा, फुटाण्याची डाळ २० ग्राम घाला, वरून ताक प्या. शेंगदाणे मुठीनं टाकू नका. ३० ग्रामला १७० कॅलरी होतात. तेल चमच्यानंच, एका छोट्या चमच्याला ४५.

पाचची वेळ टाळता येत नाही, ती साडेचारला गाठायची. ३० ग्राम फुटाणे आणि पेलाभर ताक. भज्यांचा वास आल्यावर फुटाणे शोधायला गेलात तर हरलात.

चहाटळ, जालना
चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर : ४० ग्राम, १६० कॅलरी. एकदम बंद केलं की चौथ्या दिवशी दुप्पट सुरू होतं. आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ महिन्याभरात सरावते. चहासोबतचा टोस्ट मात्र पहिल्याच दिवशी बंद.

आहारतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर
मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बघून घ्या. पिष्ट कमी केलं आणि डोस तोच राहिला तर साखर खाली जाते. हात थरथरणं, घाम, धडधड ही तल्लफ नव्हे. साखर तपासा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तिथं "मन आवरा" हा सल्ला घातक आहे.

वारकरी, बीड
एकादशीला बहुतेकांचा आठवडा बिघडतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत, आणि खिचडी वाटीभरावर थांबत नाही. राजगिऱ्याची एक भाकर, दही आणि काकडी घ्या, किंवा भगर ४० ग्राम आणि पातळ दाण्याची आमटी. केळी, रताळी, खजूर सगळं एकाच दिवशी नको.

गोदाकाठ, नांदेड
पंगतीचं राहिलं. आधी भाजी आणि घट्ट वरण, मग पोळी, भात शेवटी. या क्रमानं जेवल्यावर साखर कमी चढते. बुंदी वाढायला आली की ताटावर हात आडवा धरा, "थोडीच" म्हटलं की डाव भरूनच पडतो.

दुसऱ्या दिवशी काटा किलोभर जास्त दाखवतो, त्यानं घाबरून उपाशी राहू नका. शरीरात पिष्ट साठतं तेव्हा ग्रामामागं सुमारे ३ ग्राम पाणी धरतं, वर पंगतीतलं मीठ. पहिल्या आठवड्यात झपाट्यानं उतरलेलं वजनही बरंचसं असंच पाणी असतं. वजन ३-४ दिवसांनी बघा, सकाळी, काही खाण्याआधी.

काठवट, परभणी
आणि हुरडा भाजीत धरू नका रे दादांनो. ती ज्वारीच आहे, कोवळी. त्या दिवशी संध्याकाळची भाकर वजा, आणि रेवड्या शेतमालकालाच परत.