गोयासाठी तरी नक्की जा

कुणीतरी विचारलंय की स्पॅनिश मास्टर्सच्या, म्हणजे स्पेनच्या जुन्या थोर चित्रकारांच्या, फिरत्या प्रदर्शनात वेलास्केसचं प्रसिद्ध चित्र ‘लास मेनिनास’ नसेल तर बडोद्याहून मुंबईपर्यंत जायचं कशाला. अहो, १६५६ चं ते चित्र केवढं अवाढव्य, ते माद्रिदलाच बघायचं. पण स्पॅनिश चित्रकार गोयाचे प्रिंट्स (प्लेटवरून कागदावर छापलेली चित्रं) असले तर सोडू नका, १७९९ च्या ‘लॉस काप्रिचोस’ या त्याच्या मालिकेत एकूण ८० आहेत, त्यातला टेबलावर डोकं टेकून झोपलेला माणूस आणि मागून घुबडं वटवाघळं अंगावर येतायत, तो अगदी जवळ जाऊन बघा. मागचा करडा अंधार ब्रशचा नाहीये, तांब्याच्या प्लेटवर राळेची पूड चिकटवून दाण्यांमधली जागा ॲसिडने खाल्लीये, म्हणून तो असा रवाळ. मोबाईलवर हे दिसतच नाही हो! आणि जमलं तर आधी बडोद्यातच सयाजीबागेतली पिक्चर गॅलरी करा, सयाजीराव महाराजांनी जमवलेली युरोपियन ऑइल पेंटिंग्ज बघून नजर छान तयार होते.