मदत हवी आहे : जिस्ट कार्डावरची जुनी मराठी-कन्नड यादी लिनक्सवर कशी वाचायची?

नमस्कार मंडळी,

मी निपाणीजवळच्या एका गावचा. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या संगणक विभागात गेली. डॉस, फॉक्सप्रो (याद्या-नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर), नोव्हेलचं नेटवर्क, मग विंडोज. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयाचा संगणक सांभाळतो. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही. चालतं मशीन भंगारात घालायला मन होईना, म्हणून लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. झकास चालते.

अडलंय पुस्तकांच्या यादीपाशी. ती १९९० च्या दशकात फॉक्सप्रोत केली, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये भारतीय लिप्या दाखवणारं, संगणकात बसवायचं कार्ड). मजकूर इस्की कोडमध्ये (भारतीय लिप्यांसाठीची जुनी सांकेतिक पद्धत). त्यात 'क' देवनागरी असो की कन्नड, कोड एकच. लिपी बदलली की तीच नावं कन्नडमध्ये दिसायची! आमच्या सीमाभागात याचं मोल फार होतं, एकाच यादीवर दोन्ही वाचकांचं काम भागायचं. आजच्या युनिकोड पद्धतीत दोन्ही लिप्यांचे कोड वेगळे. सुदैवाने भाषेचा रकाना तेव्हाच ठेवलाय.

लिब्रऑफिस कॅल्कमध्ये यादीची डीबीएफ (फॉक्सप्रोची फाइल) उघडते. आकडे, तारखा बरोबर, नावांच्या जागी भलतीच चिन्हं. आयकॉन्व्ह (कोड बदलून देणारी लिनक्सची आज्ञा) हिच्या यादीत तमिळची टिस्की पद्धत आहे, इस्की नाही. मग इस्कीचं युनिकोड कशाने करायचं? यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत, देवनागरीच्या एका वर्णाला ३ बाइट लागतात, जुन्या रकान्यांत नावं मावणार नाहीत, म्हणून पुढे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवीन म्हणतो. योग्य आहे का?

दुसरं, आणि माझ्या मनात हेच जास्त आहे. मला लिनक्स मुळापासून शिकायचंय. 'इथे क्लिक करा' एवढ्यावर समाधान होत नाही. सी ड्राइव्ह नाही, सगळं एकाच मुळाखाली, फाइलच्या नावात लहान-मोठं अक्षर वेगळं, हे समजलं. पुढे आधी काय धरू : शेल (टाइप करून आज्ञा देणं), फाइलींच्या परवानग्या की क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारं)? शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलींच्या हाती हे मशीन द्यायचंय. त्यांनी 'असं का?' विचारलं तर मला नीट सांगता आलं पाहिजे.

प्रतिसाद :

काका, यूकॉन्व्ह ही कोड बदलून देणारी आज्ञा वापरा. मिंटमध्ये आयसीयू-डेव्हटूल्स या पॅकेजात मिळतं, त्याला इस्की कळतं. देवनागरी आणि कन्नडचे पर्याय वेगळे आहेत, तेव्हा भाषेच्या रकान्यावरून आधी दोन फाइली पाडा. कॅल्कमधून सेव्ह केलेली फाइल मात्र घेऊ नका, तिच्यात बाइट बदललेले असतात. मूळ डीबीएफमधूनच पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने बाइट काढा. एसक्यूलाइट योग्यच. शिकायला परवानग्यांपासून सुरुवात करा : मूळ फाइलची नक्कल काढा आणि मूळ फाइल सीएचमॉड या परवानग्या बदलायच्या आज्ञेने फक्त वाचण्यापुरती ठेवा. मग थोड्या नोंदी युनिकोडमध्ये बदलून इथे टाका, जोडाक्षरं आपण मिळून तपासू.