लोकसभा त्रिशंकू आली तर राष्ट्रपती आधी कोणाला बोलावतात?

शाल्मली_ह

घरात वाद चाललाय म्हणून विचारते. बाबांचं म्हणणं, कोणालाच २७२ मिळाल्या नाहीत तर सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलवायचं असं घटनेतच लिहिलंय. मी कलम ७५ काढून वाचलं. पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील, एवढंच सापडलं. सर्वांत मोठा पक्ष, आघाडी, पाठिंब्याची पत्रं, बहुमत सिद्ध करायची मुदत, कशाचाच उल्लेख नाही. मग हे ठरतं कुठे?

दुसरं, ‘सरकारमध्ये सामील’ आणि ‘बाहेरून पाठिंबा’ यात नेमका फरक काय? मोजताना मत तर मतच ना?

तळ्यातमळ्यात

२०२४ चं उदाहरण घे. भाजप २४० वर थांबला, पण तेलुगू देसमचे १६, जदयूचे १२ वगैरे धरून एनडीएचे २९३ होत होते, आणि ही आघाडी निवडणुकीआधीचीच होती. त्यामुळे कोणाला बोलवायचं हा पेच आलाच नाही. पेच येतो तो आघाडीलाही बहुमत नसेल तेव्हा.

जुना बातमीदार

शाल्मली, कलम तू बरोबर वाचलंस. नियम लिहिलेला नाही, प्रथा आहे, आणि ती प्रत्येक राष्ट्रपतींनी थोडी थोडी बदलली. १९८९ मध्ये काँग्रेस १९७ जागांवर सर्वांत मोठी होती. वेंकटरमण यांनी आधी राजीव गांधींनाच विचारलं. ते नको म्हणाले, मग विश्वनाथ प्रताप सिंह आले. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मांनी १६१ खासदारांच्या भाजपला बोलावलं. वाजपेयी तेरा दिवसांत, मतदान न घेताच पायउतार झाले. तो अनुभव ताजा होता, म्हणून १९९८ ला के. आर. नारायणन यांनी वाजपेयींकडे पाठिंब्याची पत्रं आधी मागितली. अण्णा द्रमुकच्या जयललितांचं पत्र येईना, दिल्ली खोळंबून राहिली. माझ्या मते नारायणन यांचीच रीत सगळ्यांत चांगली. पाठिंबा कागदावर आला की तो कोणी दिला आणि कशाच्या जोरावर सरकार बसलं, याची नोंद राहते.

तरी कोणाला बोलावलं यापेक्षा तुझा दुसरा प्रश्न मला मोलाचा वाटतो. त्यावरच जरा सविस्तर लिहितो.

विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी मत सारखंच मोजतात, हे खरं. फरक दुसऱ्या दिवसापासून पडतो. मंत्रिमंडळात बसलेल्या पक्षाला प्रत्येक निर्णयाची जबाबदारी घ्यावी लागते. भाववाढ झाली तर त्यालाही मतदारसंघात शिव्या खाव्या लागतात, आणि बाहेर पडायचं तर खाती सोडावी लागतात. बाहेरून टेकू देणाऱ्याला यातलं काहीच नाही. त्याच्या हातात फक्त दोरी असते, आणि ती ओढायला निमित्त पुरतं.

निमित्तं कसली कसली होती बघ. चरणसिंग २८ जुलै १९७९ ला पंतप्रधान झाले. लोकसभेला सामोरं जायच्या आत इंदिरा गांधींनी पाठिंबा काढला आणि २० ऑगस्टला राजीनामा. पंतप्रधान म्हणून त्यांनी संसदेचा एक दिवस पाहिला नाही. विश्वनाथ प्रताप सिंहांना भाजप आणि डावे, दोन्ही बाहेरून सांभाळत होते. भाजप बाजूला झाला आणि ७ नोव्हेंबर १९९० ला सरकार सभागृहात पडलं. मग साठ-पासष्ट खासदारांच्या जिवावर चंद्रशेखर आले, पाठीशी काँग्रेस. राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले, एवढ्यावरून मार्च १९९१ मध्ये तेही संपलं. देवेगौडांच्या संयुक्त आघाडीत तेरा पक्ष, आणि त्यांच्या पायाखाली पुन्हा काँग्रेसचा बाहेरचा पाठिंबा. काँग्रेसचे अध्यक्ष सीताराम केसरींनी तो काढला तेव्हा सरकारला वर्षही झालं नव्हतं. पाठोपाठ आलेलं गुजराल सरकार १९९७ च्याच नोव्हेंबरात गेलं.

एक आणखी सांगतो. १७ एप्रिल १९९९ ला मी डेस्कवर होतो. अण्णा द्रमुकच्या १८ खासदारांनी वाजपेयी सरकारची साथ सोडली होती. पहिल्या पानासाठी दोन मथळे जुळवून ठेवले होते, सरकार तरलं आणि सरकार पडलं. आकडा आला २६९ विरुद्ध २७०. कोणाचाच विश्वास बसेना, दिल्लीला पुन्हा फोन लावून खात्री करून घेतली. ओडिशाचे मुख्यमंत्री होऊनही खासदारकी न सोडलेले गिरिधर गमांग येऊन विरोधात मत देऊन गेले होते. अण्णा द्रमुक तर सरकारात सामील होता, तेव्हा आत असलेला पक्ष कधी सोडून जातच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यांना त्यासाठी आपले मंत्री आधी बाहेर काढावे लागले, आणि ते देशाला दिसलं.

अॅड. रेवा

प्रथेचा आधार म्हणून केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाचा क्रम सांगतात. आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांचा पाठिंबा मिळवलेला सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतरची सगळे सरकारात सामील होणारी आघाडी, आणि शेवटी काही आत, काही बाहेर अशी आघाडी. हा क्रम राज्यपालांसाठी होता, राष्ट्रपतींवर तो बंधनकारक नाही. पण बाहेरच्या पाठिंब्याची आघाडी सर्वांत खाली का, हे वरच्या प्रतिसादावरून कळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर बहुमताचा फैसला सभागृहातच होतो, त्यामुळे मुदत किती द्यायची हा प्रश्न गंभीर झाला. २०१८ ला कर्नाटकात राज्यपालांनी येडियुरप्पांना पंधरा दिवस दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि त्यांनी मतदानाआधी राजीनामा दिला. मुदत जितकी लांब तितकी फोडाफोडीला जागा.

शाल्मली_ह

खूप आभार, बाबांना दाखवते. पण काका, पक्षांतरबंदी कायदा आहे ना? मग घटक पक्ष मध्येच उठून जातो तेव्हा तो आड येत नाही?

जुना बातमीदार

नाही येत. घटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे तोच कायदा, खासदाराला त्याच्या स्वतःच्या पक्षाला बांधतं, आघाडीला नाही. त्याच १९९९ च्या मतदानात नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षादेश डावलून सरकारविरोधी गेले, त्यांना पक्षातून काढलं. अख्खा अण्णा द्रमुक विरोधात गेला, तिथे कायद्याला बोलायला जागाच नव्हती.

म्हणजे आघाडीला बांधून ठेवतं ते काय? मंत्रिपदं काही अंशी, पण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणजे ५४३ च्या लोकसभेत ८१. प्रत्येकाला लाल दिवा देऊन भागत नाही. उरतो तो लिखित कार्यक्रम. २००४ मध्ये साठेक डाव्या खासदारांनी मनमोहनसिंग सरकारला बाहेरून पाठिंबा दिला, तो चार वर्षं टिकला, कारण किमान समान कार्यक्रम होता आणि समन्वय समितीच्या बैठका होत होत्या. तुटलं ते अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावर, जो त्या कार्यक्रमात नव्हताच. २२ जुलै २००८ ला सरकार वाचलं, २७५ विरुद्ध २५६, ते समाजवादी पक्षामुळे.

मला खटकतो तो क्रम. मनमोहनसिंगांचा शपथविधी २२ मे २००४ ला झाला आणि कार्यक्रम त्यानंतर काही दिवसांनी जाहीर झाला. जर्मनीत २०२१ ला मतदान २६ सप्टेंबरला, तीन पक्षांचा १७७ पानी करार २४ नोव्हेंबरला छापून लोकांसमोर, आणि चॅन्सेलरची निवड ८ डिसेंबरला. त्यांची ती आघाडीही पुढे मुदतीआधी मोडली, पण कशावर एकमत होतं आणि कोण कशावरून फिरलं, हे तिथला मतदार पान काढून दाखवू शकत होता. राष्ट्रपतींनी पाठिंब्याच्या पत्रांसोबत हा कागदही शपथविधीआधी मागावा, असं माझं ठाम मत आहे. घटना त्याला कुठेही मनाई करत नाही. पत्रं मागण्याची रीत तरी कुठे लिहिली होती?